शुक्रवारचं माप

"साहेब, रागावू नका, पण हा चढ तेवढा चालून जाल का?" टॅक्सीवाल्याने आरशात बघत विचारलं, तेव्हा डॉक्टर मागच्या सीटवर मांडीवर फाईल घेऊन अगदी आरामात बसले होते. डॉक्टर म्हणजे औषध देणारे नव्हेत. त्यांनी आजवर कुणाचा साधा ताप उतरवला नव्हता, आणि बायको ते चारचौघांत सांगायची एकही संधी सोडत नसे. ते बॅटरीचे डॉक्टर. गाड्यांच्या बॅटऱ्या किती वर्षं टिकतात हे सांगण्यात त्यांची सव्वीस वर्षं गेली होती. प्रयोगशाळा चढाच्या टोकाला होती आणि टॅक्सी विजेवर चालणारी होती. टॅक्सीवाल्याने थंड हवा मघाशीच बंद केली होती, आता पंखाही बंद केला. "बॅटरी दम टाकते हो चढावर. तीनच वर्षांची आहे, पण दिवसा मी चालवतो, रात्री मेहुणा. तिला उसंतच नाही." डॉक्टरांनी विचारायला नको होतं, पण सवयीने विचारलं, "मग बदलून का घेत नाही? हमी असेल ना?" टॅक्सीवाला मागे वळून हसला. रागावलेला माणूस असा हसत नाही, असं हसायला माणूस रागाच्या पलीकडे जावा लागतो. "तीनदा नेली. ते काय करतात, गाडी दोन दिवस उभी ठेवून घेतात आणि मग मोजतात. म्हणे तसा नियमच आहे, मापाआधी आराम द्यायचा. दोन दिवस झोप काढल्यावर कोण ताजंतवानं होणार नाही? येतात बघा एक्क्याऐंशी टक्के. ऐंशीच्या खाली आली तर बदलून देऊ म्हणतात. बाहेर काढली की दोन दिवस बरी पळते, तिसऱ्या दिवशी पुन्हा हीच रड. मी काय शिकलेला नाही, पण हे मोजणं मला काही सरळ वाटत नाही साहेब." डॉक्टर तिथेच उतरले. त्यांनी पूर्ण चढाचे पैसे दिले, टॅक्सीवाल्याने उरलेल्या वाटेचे परत केले, आणि तो गाडी उताराला लावून निघून गेला.

मापाआधी आराम द्यायचा, हा नियम डॉक्टरांचा होता. मांडीवरच्या फाईलमध्ये तोच होता, नीट टाईप केलेला, सातव्या पानावर, 'मापनपूर्व विश्रांती' अशा भारदस्त नावाने. आतापर्यंत दोन-तीन कंपन्यांनी तो आपण होऊन उचलला होता. आज दुपारी दोनपर्यंत डॉक्टरांनी त्या फाईलवर सही केली, की तो सगळ्यांना लागू होणार होता. म्हणजे देशातली प्रत्येक विजेची गाडी, हमीसाठी तपासायला आली की, दोन दिवस झोपवून मगच मोजली जाणार होती. ते चढ चढू लागले. फाईल डाव्या बगलेतून उजव्या बगलेत घेतली, पुन्हा डाव्या. वास्तविक तिच्यात तीस-बत्तीस पानंच होती.

चूक झाली, असं त्यांनी स्वतःशी म्हणून पाहिलं. पद्धतीतली चूक. हा शब्द त्यांना बरा वाटला. चुका शास्त्रज्ञांच्या होतातच, होत नाहीत तो शास्त्रज्ञ कसला, असं ते स्वतः विद्यार्थ्यांना सांगत. आणि ही चूक किती साधेपणाने झाली होती! एकोणीस वर्षांपूर्वी मुलगी झाली तेव्हा ते प्रयोगशाळेतच राहायला गेल्यासारखे असत. शेकडो सेल मशीनवर लावलेले, भरायचे, रिकामे करायचे, पुन्हा भरायचे. एकदा भरून रिकामा झाला की एक सायकल. (लग्न नवीन असताना बायकोने विचारलं होतं, एवढ्या सायकली ठेवता कुठे तुम्ही? ती चेष्टा होती की खरंच विचारलं होतं, हे त्यांना अजून कळलेलं नव्हतं.) मशीन रात्रंदिवस चाले, म्हणून कुणीतरी सुट्टीच्या दिवशीही यावं लागे, आणि ते कुणीतरी म्हणजे बहुधा तेच. बायको एकदा पाळण्याची दोरी हातात धरून म्हणाली होती, "शनिवार-रविवार तरी माणसासारखे घरी थांबा. तुमच्या बॅटऱ्यांना सुट्टी नको, पण ही पोर तुम्हाला पाहुणा समजायला लागेल." त्यांना ते लागलं. त्यांनी पद्धत घातली. शुक्रवारी संध्याकाळी सगळी मशीन थांबवायची, सेल रिकामे करून ठेवायचे, सोमवारी सकाळी आल्या आल्या प्रत्येकाचं माप घ्यायचं आणि मग पुन्हा चालू करायचं. सगळी प्रयोगशाळा त्यांना दुवा देत होती. बाकीच्या खात्यांतल्या लोकांना त्यांच्या लोकांचा हेवा वाटे. त्या शनिवारांत ते मुलीला पाण्यात उतरवायला शिकले, तिच्या केसांची वेणी घालायला शिकले, तिला ताप आला की कपाळावर घडी ठेवून रात्र काढायला शिकले. आयुष्यातलं जे जे काही त्यांना धड जमलं ते त्या शनिवारांत जमलं होतं. आणि तेच दोन दिवस सेलही निवांत पडलेले असत. चालवून चालवून थकलेला सेल असा पडून राहिला, की कडेकोपऱ्यात अडकलेली थोडी ताकद हळूहळू जागेवर येते. मापाला तेवढा तो तरणा दिसतो. दोन दिवस चालवा, पुन्हा जिथल्या तिथे. सोमवारच्या मापाने तो सेल दोन हजार सायकली टिकत होता. शुक्रवारी मोजला असता तर तेराशे.

तेराशे हा आकडा मनात आला आणि डॉक्टर चढावर थांबले. कठड्याला हात लावून उभे राहिले. येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटलं असेल, वय झालं, दम लागला. तेराशे कुठून आलं? त्यांनी तर शुक्रवारी कधी मोजलंच नव्हतं. टॅक्सीवाल्याने फक्त एक्क्याऐंशी सांगितलं होतं. इतक्या घाईने, इतका नेमका, पाठ केल्यासारखा तेराशे कसा बाहेर आला? आणि मग 'चूक' हा त्यांचा शब्द, जो मघापासून पायाखाली फरशीसारखा वाटत होता, तो निसटला.

त्यांना मापबाई आठवल्या. खरं तर त्या मघापासून, टॅक्सीवाला बोलत होता तेव्हापासून तिथेच होत्या, फक्त डॉक्टर त्यांच्याकडे बघत नव्हते. मापबाई हे नाव प्रयोगशाळेनेच ठेवलेलं. त्या सुरुवातीला काचेची भांडी धुवायला म्हणून लागल्या होत्या. हात इतका स्थिर, की कुणीतरी त्यांना सेलचं वजन करायला बसवलं, मग जाडी मोजायला, मग मापाची सगळी नोंदवही त्यांच्याकडेच आली. त्यांनी लिहिलेल्या आकड्यावर कुणी पुन्हा मोजत नसे. अकरा वर्षांपूर्वी, पहिला मोठा अहवाल छापायला जाण्याच्या आठवड्यात, गाड्यांच्या कंपनीची चार माणसं आली होती. बैठकीची खोली भरलेली, चहाचे कप फिरत होते, आणि मापबाई दाराशी वही छातीशी धरून उभ्या राहिल्या. "सर, एक सांगू का? मला ते सोमवारचं माप जरा लबाड वाटतं." 'लबाड' या शब्दावर खोली हसली. माप कसं लबाड असेल, माणूस असतो लबाड. मापबाईंनी वही टेबलावर ठेवली. उभ्या दोन रांगा, एकीवर सोमवार, एकीवर शुक्रवार. चौदा महिने या बाई शुक्रवारी सगळे गेल्यावर तासभर मागे थांबून, कुणी न सांगता, मशीन थांबवण्याआधी एकेक सेल मोजत राहिल्या होत्या. आणि खाली पेन्सिलने, खोडून पुन्हा लिहिलेलं एक छोटं गणित. उत्तराभोवती गोल. तेराशे.

डॉक्टरांना कळलं होतं. हे आता कबूल करताना डॉक्टरांच्या कानाच्या पाळ्या तापल्या, एवढ्या वयात, भर रस्त्यात. चहाचा एक घोट गिळायला लागतो तेवढ्या वेळात त्यांना सगळं कळलं होतं. कारण कळलं, किती फरक पडतो ते कळलं, पुढे काय करायला हवं तेही कळलं. आणि त्या गोलाकडे बघताना त्यांनी काय केलं, तर ते हसले. म्हणाले, "बाई, माप घ्यायचं काम तुमचं. अर्थ लावायला आम्ही शिकलोय ना इतकी वर्षं? तेवढं तरी आमच्याकडे ठेवा." खोली पुन्हा हसली, आता मोकळेपणाने, साहेबच हसतायत म्हटल्यावर. आणि मापबाईही हसल्या. तेच डॉक्टरांना आता सोसवेना. त्या ओशाळून, पदर सावरत, 'मीपण काय खुळी' असं म्हणणारं हसू हसल्या. डॉक्टरांनी वही बंद केली आणि दोन्ही हातांनी, फार अदबीने, त्यांना परत दिली.

इतकी वर्षं त्यांनी त्या दिवसाला हातही लावला नव्हता, पण कधी विषय जवळून गेलाच तर कारणं तयार असत. अहवाल छापायला गेला होता. पाहुणे बसले होते. अशी बाब नीट तपासूनच बोलावी. शिवाय शनिवार-रविवार गेले असते, सगळ्यांचेच. चढ चढताना त्यांनी एकेक कारण उचलून पाहिलं आणि एकाही कारणाला वजन नव्हतं. अहवाल थांबवता आला असता, महिनाभर. शनिवारीही पाळ्या लावता आल्या असत्या. खरं कारण एवढंसं, हलकं आणि घाण होतं. भांडी धुवायला आलेल्या बाईने ते शोधलं होतं. तेच जर त्यांना स्वतःला सापडलं असतं, तर ते बैठक थांबवून फळ्यापाशी धावले असते, पाहुण्यांसमोर स्वतःचाच अहवाल फाडून वाहवा मिळवली असती, आणि पुढे जन्मभर विद्यार्थ्यांना तो किस्सा सांगितला असता. सापडलेली वस्तू तीच, फक्त हात दुसऱ्याचा होता. एवढ्यासाठी. माणूस एवढ्याशा गोष्टीसाठी एवढा खाली येतो, आणि वर डॉक्टर म्हणून मिरवतो, असं त्यांना वाटलं, आणि फाटकावरच्या पहारेकऱ्याने सलाम केला तेव्हा त्यांनी त्याच्याकडे न बघता मान खाली घातली.

प्रयोगशाळेत नेहमीचा आवाज होता, मशीनच्या पंख्यांचा, एका सुरातला. काचेमागच्या गरम कपाटात सेल रांगेने लावलेले होते, प्रत्येकाला दोन तारा. मापबाई निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती. निरोपाच्या दिवशी डॉक्टरांनीच भाषण केलं होतं. 'मोजून बोलणाऱ्या बाई' असं म्हणाले होते, आणि लोक हसले होते. ते आपण मुद्दाम म्हणालो की तोंडातून गेलं, हे आज त्यांना ठरवता येईना. मापबाई त्या दिवसानंतर खरोखरच आकड्यापलीकडे अक्षर बोलल्या नव्हत्या. विचारलं की आकडा सांगायच्या. "कसं वाटतं?" म्हटलं की, "ते तुम्ही बघा सर."

डॉक्टर खोलीत बसले. फाईल उघडून समोर ठेवली. शेवटच्या पानावर त्यांचं नाव छापलेलं होतं आणि वर रिकामी रेघ. तेवढ्यात नव्या मॅडम आल्या. त्यांना इथे लागून सात वर्षं झाली होती, घरी दोन मुलं होती, तरी प्रयोगशाळेत त्या नव्याच. "सर, झाली का सही? दोनला त्यांचा माणूस येतोय घ्यायला." डॉक्टरांनी पेन उचललं, टोपण काढलं, पुन्हा लावलं. "मॅडम, एक विचारतो. शुक्रवारी माप घेतलं तर काय येतं, कधी बघितलंय तुम्ही?"

नव्या मॅडम दाराकडे बघू लागल्या. "पद्धत सोमवारची आहे ना, सर."

"पद्धत माहीत आहे मला. बघितलंय का?"

"बघितलंय," त्या हळू म्हणाल्या. "आल्यानंतर पहिल्याच वर्षी."

"मग बोलला नाहीत?"

त्यांनी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "मी लागले ना सर, तेव्हा पहिल्याच आठवड्यात मला सगळ्यांनी मापबाईंची गोष्ट सांगितली. सोमवारचं माप लबाड, ती. अजून सांगतात, कुणी नवीन आलं की. तुम्ही काय म्हणालात तेही सांगतात, तुमच्या आवाजात. खूप हसतात. म्हणून म्हटलं, जाऊ दे."

डॉक्टरांना बसल्या जागी मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी एका बाईचा पाणउतारा केला होता, एकदाच, अर्ध्या मिनिटात, असं ते धरून चालले होते. आणि तो इथे अकरा वर्षं चालू होता, न थांबता, शनिवार-रविवारची सुट्टीसुद्धा न घेता. प्रत्येक नव्या माणसाला आल्या आल्या तोंड मिटायला शिकवत होता. आपण कधी कुणाला धाकात ठेवलं नाही, असं ते अभिमानाने सांगत. ठेवायची गरजच पडली नव्हती. त्यांना एकदा वाटलं, आत्ता फाईल बाजूला सारावी, तब्येतीचं काहीतरी सांगावं, सही पुढच्या आठवड्यावर ढकलावी, आणि मग शांतपणे, व्यवस्थित भाषेत, 'पुनर्विचाराअंती' वगैरे लिहून नियम बदलावा. कुणाला काही कळलं नसतं. नव्या मॅडमही बोलल्या नसत्या. त्यांना ते कसं जमेल हे तपशिलासकट सुचत होतं, आणि सुचत होतं याचीच त्यांना शिसारी आली. त्यांनी फोन घेतला. नंबर त्यांच्याकडे होता, दर नव्या वर्षाला मापबाईंचा शुभेच्छांचा निरोप येई, आणि ते अंगठ्याचं चित्र पाठवून मोकळे होत.

"मी जाऊ का बाहेर?" नव्या मॅडमनी विचारलं.

"नको. थांबा," डॉक्टर म्हणाले. "तुम्ही असायला हवं."

पलीकडे फोन उचलला गेला तेव्हा आधी शिलाई मशीनची धडधड ऐकू आली, मग मापबाईंचा आवाज. "अगंबाई, सर! तुम्ही? सगळं ठीक ना? वहिनी बऱ्या आहेत? मुलगी केवढी झाली?" डॉक्टरांनी सगळं ठीक आहे म्हटलं. मुलगी शिकायला बाहेर आहे म्हटलं. "बाई, मी एका कामासाठी फोन केला. तुम्हाला आठवतं का, ते पाहुणे आले होते तेव्हा, तुम्ही वही घेऊन..."

"आई गं! सर, तुमच्या अजून लक्षात आहे ते?" मापबाई एकदम कळवळून म्हणाल्या. "मला कित्येकदा वाटलं, फोन करून माफी मागावी. चारचौघांत, पाहुण्यांसमोर, मी आपली तोंड वर करून आले! तुम्ही मोठ्या मनाचे म्हणून हसण्यावारी नेलंत. दुसरा कुणी असता तर नोकरीवरून काढलं असतं. खरं सांगते सर, बरंच झालं ते. त्या दिवशी माझे डोळे उघडले. आपल्याला हाताचं काम येतं, डोक्याचं नाही, उगाच चौदा महिने जिवाला लावून घेतलं. आमच्या मुलीलाही मी तेच सांगितलं. दहावीला होती तेव्हा. मार्क चांगले होते, शास्त्राला जाते म्हणून हटून बसली होती. म्हटलं बाळ, मी बघून आले त्या लोकांना जवळून. ते डोकं वेगळं असतं. तू आपली हाताचं काहीतरी शीक. आता छान चाललंय तिचं, शिवणकाम आहे घरच्या घरी, ऐकू येतंय ना मशीन?"

ऐकू येत होतं. डॉक्टरांनी डोळे मिटले. दहावीची मुलगी, मार्क चांगले. त्या वर्षी त्यांची स्वतःची मुलगी दुसरीत होती आणि शनिवारी सकाळी त्यांच्या मांडीवर बसून, चांदणं कुठून येतं, विजेला वास असतो का, असं काहीबाही विचारायची, आणि ते तिला मिठीत घेऊन म्हणायचे, अशीच विचारत राहा गं, कुणी गप्प बस म्हटलं तरी विचारत राहा.

"बाई," ते म्हणाले, "तुमचं बरोबर होतं."

"काय म्हणालात? ती मशीन चालू आहे ना..."

"तुमचं माप बरोबर होतं. गणितही बरोबर होतं. तेराशे. चूक माझी होती." एवढ्यावर थांबता आलं असतं. चूक म्हणून भागलं असतं, त्या लगेच 'असू दे हो सर' म्हणाल्या असत्या, आणि त्यांना रडू फुटून हलकं वाटलं असतं. टेबलापलीकडे नव्या मॅडम उभ्या होत्या. डॉक्टर म्हणाले, "चूकसुद्धा नव्हती, बाई. मला तेव्हाच कळलं होतं. वही बघितली तेव्हाच."

पलीकडे नुसती मशीन धडधडत राहिली. इतका वेळ, की फोन कटला नाही ना हे बघायला डॉक्टरांनी तो कानापासून दूर केला.

"तेव्हाच?" मापबाईंनी विचारलं. आवाज अगदी निराळा होता. माप दोनदा तपासताना त्यांचा असा आवाज व्हायचा.

"तेव्हाच."

"हसलात त्याच्या आधी, की नंतर?"

हे माप होतं, आणि मापबाई आकडा मिळाल्याशिवाय पुढे जात नसत. "आधी," ते म्हणाले.

नव्या मॅडमनी हात लांब करून टेबलावरची फाईल मिटली आणि स्वतःकडे ओढून घेतली. डॉक्टरांनी तिकडे पाहिलं नाही. ते वाट बघत होते, शिवीची, रडण्याची, फोन आपटल्याच्या आवाजाची. त्यातलं काहीही चाललं असतं. कानात मापबाईंचा श्वास तेवढा येत होता. मग त्या फोन तोंडापासून दूर धरून कुणालातरी म्हणाल्या, "अगं, ती मशीन बंद कर. इकडे ये." धडधड थांबली. "सर, मला सांगितलंत ना, तसंच आता हिला सांगा. आधी की नंतर, तेही सांगा."

"बाई, मी..."

"मला नको," मापबाई म्हणाल्या. "हिला."

फोन एका हातातून दुसऱ्या हातात गेल्याची खसफस झाली. मग एक तरुण आवाज आला, कामात व्यत्यय आल्यासारखा, थोडा त्रासलेला. "हॅलो? कोण बोलतंय?"